एकाच घरातली वेगवेगळी दुखणी

प्रस्तावना

पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असलेल्या एखाद्या घराच्या तीन पिढ्यांच्या फायली एका टेबलावर मांडल्या, तर त्या एकाच आजाराच्या आहेत असे पटकन कुणाला वाटणार नाही. आजोबा ‘बीपी वाढून’ गेलेले. आत्याची कंबर कित्येक वर्षे दुखते आहे आणि मणक्याचे एक्स-रे काढून झाले आहेत. काका मुतखड्याने हैराण. वडिलांची लघवी एकदा लाल झाली होती. चार दिवसांत थांबली आणि विषय मिटला. २८ वर्षांच्या मुलाचे बीपी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत जास्त भरले, तेव्हा ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळाला. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, गाव वेगळे, निदान वेगळे. त्यातले कोणतेही निदान तसे पाहता चूक नाही. या पाच जणांना एकत्र पाहणारे मात्र कुणी नव्हते.

हे पुस्तक या आजाराच्या लक्षणांविषयी आहे. लक्षणांचे पुस्तक म्हटले की वाचक यादीची अपेक्षा करतो. यादी देता येते आणि ती दोन पानांत संपते. पण तिच्यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कितीतरी साध्या कारणांनी होऊ शकते. कंबर कुणाची दुखत नाही? चाळिशीनंतर बीपीची गोळी कोणत्या घरात नाही? एकट्या माणसाकडे पाहून हा आजार सहसा ओळखू येत नाही. त्याच्या आईवडिलांशेजारी, भावंडांशेजारी, मुलांशेजारी त्याला उभे केले की ओळखू येतो. म्हणून या पुस्तकाने रुग्णाऐवजी घर हे आपले एकक मानले आहे. असे का करावे लागते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. निरोगी माणसाची एक किडनी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. तिच्यात रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका असतात. या आजारात त्यांतल्या थोड्या नलिकांच्या भिंती फुगतात, मूळ नलिकेपासून तुटतात आणि पाण्याने भरलेल्या बंद पिशव्या तयार होतात. या पिशव्यांना डॉक्टर सिस्ट म्हणतात. पिशव्या वर्षानुवर्षे वाढत राहतात, शेजारच्या चांगल्या भागावर दाब देतात आणि शेवटी किडनी द्राक्षांच्या मोठ्या घडासारखी दिसू लागते. काही रुग्णांत एकेका किडनीचे वजन काही किलोंपर्यंत जाते. या गाठी कर्करोगाच्या नसतात. बायकांच्या पीसीओडीशीही त्यांचा काही संबंध नाही. उतारवयात सोनोग्राफीत सापडणारी एखाददुसरी साधी सिस्ट म्हणजेही हा आजार नव्हे.

आजाराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची लक्षणे दोन वेगळ्या वयांत, दोन वेगळ्या तऱ्हांनी दिसतात. पहिला प्रकार प्रभावी जनुकाचा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी तो होतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. बहुतेक रुग्ण याच प्रकारातले असतात आणि त्यांना त्रास सहसा तिशी-चाळिशीत जाणवू लागतो. दुसरा प्रकार अप्रभावी जनुकाचा. त्यात आईवडील दोघेही वाहक असतात, दोघांनाही काही त्रास नसतो आणि मूल मात्र गर्भात असतानाच किंवा जन्मानंतर लगेच आजारी दिसते. किडन्या मोठ्या असतात, गर्भजल कमी असते, त्यामुळे फुप्फुसे नीट वाढत नाहीत. वाचलेल्या मुलांत पुढे यकृताचा त्रास उभा राहतो. सुमारे २० हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. नात्यात लग्ने होतात तिथे अप्रभावी आजारांचा धोका वाढतो आणि महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत काही समाजांत आजही आहे, म्हणून या प्रकाराला पुस्तकात जागा दिली आहे. तरी पुस्तकाचा बहुतेक भाग पहिल्या प्रकाराविषयी आहे आणि यापुढचे विवेचनही त्याच्याविषयीच.

आता लक्षणांकडे येऊ. ती कशामुळे होतात हे एकदा समजले की पाठ करावी लागत नाहीत.

सर्वांत जास्त बोलले जाणारे लक्षण म्हणजे दुखणे. निम्म्याहून अधिक रुग्णांना कुशीत, पाठीत किंवा पोटात कधी ना कधी दुखते. किडनीभोवतीचे आवरण ताणले जाते, जड झालेल्या किडन्या पाठीच्या स्नायूंना ओढतात, एखाद्या सिस्टमध्ये रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो, कधी खडा अडकतो. या प्रत्येक कारणाचे दुखणे वेगळे असते: एक सतत जाणवणारे आणि बोथट, दुसरे अचानक उठणारे, तिसरे तापासोबत येणारे. रुग्ण मात्र या सगळ्यांना ‘चमक भरली’ किंवा ‘वात धरला’ असेच म्हणतो आणि औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणतो. धोका इथेच आहे. या जातीची वेदनाशामके वारंवार घेतली तर आधीच ताणाखाली असलेल्या किडनीला आणखी इजा करतात. म्हणजे लक्षणावरचा घरगुती उपायच आजार वाढवतो.

दुसरे लक्षण न दुखणारे, म्हणून जास्त महत्त्वाचे: उच्च रक्तदाब. वाढत्या सिस्ट शेजारच्या रक्तवाहिन्या दाबतात. किडनीच्या त्या भागाला रक्त कमी पडते. रक्तदाब घसरला आहे असा गैरसमज होऊन किडनी रेनिन सोडते आणि सगळ्या शरीराचा दाब चढतो. गाळण्याची क्षमता शाबूत असतानाच साठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांचे बीपी वाढलेले असते आणि ते सरासरी तिशीच्या आगेमागे वाढते. विशी-तिशीतल्या माणसाचे बीपी जास्त भरले, तर कामाच्या ताणाला किंवा लोणच्या-पापडाला दोष देऊन थांबू नये. घरात कुणाला किडनीचा आजार होता का, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा.

लघवीतून रक्त जाणे हे तिसरे लक्षण. चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्णांना आयुष्यात केव्हातरी ते दिसते. सिस्टच्या भिंतीतली बारीक रक्तवाहिनी फुटते. कधी धक्का बसल्याने, कधी जड उचलल्याने, कधी कारणाशिवाय. विश्रांती आणि भरपूर पाणी यांनी बहुतेकदा काही दिवसांत रक्त थांबते. ते आपोआप थांबते म्हणूनच विसरले जाते. आपल्याकडे ‘उष्णता झाली’ हे त्याचे स्पष्टीकरण तयारच असते. लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते. सब्जाने नुकसान काही नाही. नुकसान तपासणी राहून जाण्यात आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आणि बरेच दिवस रक्त जात असेल, तर ते सिस्टचे आहे असे गृहीत न धरता कर्करोगही तपासून पाहावा लागतो.

मुतखडा या रुग्णांपैकी वीस ते पंचवीस टक्क्यांना होतो. तो सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त तर असतोच, शिवाय यूरिक ॲसिडच्या खड्यांचे प्रमाण त्यात लक्षणीय असते. कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने यांवर महाराष्ट्रातल्या अनेक घरांचा भरवसा आहे. पण ज्याला वारंवार खडा होतो, त्याची दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी एकदा नीट झालीच पाहिजे. जंतुसंसर्गातली एक गोम डॉक्टरांनाही चकवते. बंद सिस्टच्या आत संसर्ग झाला तर ताप येतो, कूस दुखते, पण त्या सिस्टचा मूत्रमार्गाशी संबंध उरलेला नसल्याने लघवीच्या तपासणीत जंतू सापडतीलच असे नाही. अहवाल स्वच्छ, माणूस तापाने फणफणलेला.

काही लक्षणे इतकी सौम्य असतात की लक्षणे वाटतच नाहीत. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे, सतत तहान लागणे. आजारी किडनीला लघवी दाट करणे जमत नाही, म्हणून ती जास्त पातळ लघवी करते. लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठणठणीत, या समजुतीला हा आजार थेट खोटे ठरवतो. लघवीतून प्रथिनेही फार जात नाहीत, त्यामुळे पट्टीची तपासणी बरेचदा साधारण येते. किडनीचे काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा तर कित्येक वर्षे हलत नाही, कारण उरलेल्या नलिका जास्तीचे काम उचलतात. सिस्टयुक्त किडन्या रक्तवाढीचे संप्रेरक बऱ्यापैकी तयार करत राहतात, म्हणून इतर किडनीरुग्णांच्या मानाने यांचे हिमोग्लोबिनही बरे राहते. अहवालातले आकडे चांगले आणि किडनीचा आकार दुपटीच्या वर, अशी स्थिती या आजारात नेहमीची आहे.

किडनीबाहेरच्या लक्षणांनी चित्र आणखी विखुरते. यकृतात सिस्ट बहुसंख्य रुग्णांना होतात. बायकांमध्ये त्या मोठ्या होण्याची शक्यता जास्त, कारण स्त्रीसंप्रेरके त्यांच्या वाढीला हातभार लावतात. यकृताचे काम सहसा बिघडत नाही, पण पोट वाढते, दोन घासांत भरल्यासारखे होते, श्वास पुरत नाही. वाढत्या पोटामुळे बाईला ‘दिवस गेलेत का’ असे विचारले जाते, हे दुःख कोणत्या अहवालात येत नाही. पोटाच्या भिंतीवर ताण येऊन बेंबीचा किंवा जांघेतला हर्निया होतो. हृदयाच्या झडपेत सैलपणा येतो. सर्वांत गंभीर गोष्ट मेंदूतल्या रक्तवाहिनीला येणारा फुगा. सर्वसाधारण लोकांत तो शंभरात दोन-तीन जणांना असतो. या रुग्णांत दहाच्या आसपास. बहुतेक फुगे फुटत नाहीत. पण ज्या घरात कुणी मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावले आहे, तिथे धोका जास्त असतो. कधीच झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू झाली, तर घरी थांबायचे नसते.

शेवटच्या टप्प्यात थकवा, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज, पायांवर सूज ही लक्षणे येतात. ती कोणत्याही कारणाने किडनी निकामी झाली की येतातच. हा आजार ज्यांना आहे, त्यांतल्या सुमारे निम्म्या लोकांना साठीपर्यंत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज लागते. उरलेल्या निम्म्यांना तोवर लागत नाही, हेही तितकेच खरे आहे आणि नुकते निदान झालेल्या माणसाला ते सांगितले पाहिजे.

या आजाराचा अभ्यास कसा वाढला, हे पाहिले तर लक्षण कशाला म्हणायचे याची कल्पनाच दर टप्प्यावर बदललेली दिसते.

पहिली दृष्टी अवयवाची. पोलंडचा राजा स्टेफान बाथोरी १५८६ साली वारला. त्याचे शव जतन करताना शल्यकाला त्याच्या किडन्या बैलाच्या किडन्यांएवढ्या मोठ्या आणि खडबडीत दिसल्या. आजचे अभ्यासक त्या वर्णनात हाच आजार पाहतात. १८८८ साली फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स लेजार यांनी ‘पॉलिसिस्टिक’ हे विशेषण रूढ केले. हा आजार बहुधा दोन्ही बाजूंना होतो आणि त्याची रुग्ण जिवंत असताना ओळखता येतील अशी लक्षणे असतात, हेही त्यांनी मांडले. १९११ साली डेन्मार्कच्या थोरकिल्ड रोव्हसिंग यांनी सिस्ट फोडून वेदना कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. ती पुढे मागे पडली आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्यावर निवडक रुग्णांसाठी परत आली. या काळात आजार म्हणजे हाताला लागणारी, डोळ्यांना दिसणारी किडनी.

दुसरी दृष्टी घराण्याची. तिचा पाया घातला डॅनिश डॉक्टर ओले दालगोर यांनी. १९५७ साली त्यांनी २८४ रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. कुणाच्या आईला काय झाले, कुणाचा भाऊ कोणत्या वयात गेला, याची चिकाटीने जुळवाजुळव करून त्यांनी आजाराचा वारसा आणि त्याचे हजारात एक हे प्रमाण मांडले. नंतरच्या अंदाजांत हा आकडा कमीजास्त झाला, पण चर्चा आजही त्याच्यापासूनच सुरू होते. दालगोर यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, जनुकांची चाचणी नव्हती. विचारपूस होती.

तिसरी दृष्टी जनुकाची. १९८५ साली स्टीफन रीडर्स आणि सहकाऱ्यांनी दोष १६व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. प्रत्यक्ष पीकेडी-१ हे जनुक १९९४ साली सापडले आणि त्याचा माग एका पोर्तुगीज कुटुंबाने दिला. त्या घरातल्या आई आणि मुलीला सिस्टचा आजार होता आणि दोघींत १६व्या व २२व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. जिथे गुणसूत्र तुटले होते, तिथेच जनुक मिळाले. १९९६ साली ४थ्या गुणसूत्रावरचे पीकेडी-२ हाती आले. १९९९ साली मॉरीन बार आणि पॉल स्टर्नबर्ग यांना एका सूक्ष्म कृमीत पीकेडी-१ चा भाईबंद पेशींवरच्या केसांसारख्या तंतूंमध्ये आढळला. हे तंतू म्हणजे सिलिया. त्यांना तोवर फारसे कुणी विचारत नव्हते. तिथून ते या आजाराच्या केंद्रस्थानी आले. जनुकदृष्टीने एक जुने कोडेही सोडवले. पीकेडी-१ मधला दोष लवकर किडनी निकामी करतो, पीकेडी-२ मधला बरेचदा सत्तरीपलीकडे. म्हणून काही घरांत आजार आणि म्हातारपण यांत फरकच करता येत नव्हता. २०१६ पासून जीएएनएबी आणि डीएनएजेबी-११ यांसारखी आणखी जनुके सापडली.

चौथी दृष्टी मापनाची. सोनोग्राफीने सिस्ट दिसू लागल्या. मग कितव्या वर्षी किती सिस्ट असतील तर आजार म्हणायचा, याचे नियम ठरले. ज्याच्या घरात आजार आहे अशा १५ ते ३९ वयाच्या माणसाला दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट पुरतात. चाळिशीत-पन्नाशीत प्रत्येक किडनीत निदान दोन लागतात. साठीनंतर प्रत्येकी चार. अमेरिकेतल्या क्रिस्प अभ्यासाने २००६ साली दाखवले, की रुग्णांच्या किडनीचे एकूण घनफळ वर्षाला सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास वाढते आणि हे क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधीपासून चालू असते. २०१५ साली मेयो क्लिनिकने वय, उंची आणि घनफळ यांवरून पाच गट पाडले. आपला आजार वेगाने जाणारा आहे की सावकाश, हे रुग्णाला त्यावरून बरेचसे आधी कळू लागले. लक्षण आता रुग्णाच्या तक्रारीतून एमआरआयच्या आकड्यात गेले.

पाचवी दृष्टी रुग्णांची स्वतःची. किडनीतज्ज्ञ जॅरेड ग्रँथम आणि उद्योजक जोसेफ ब्रूनिंग यांनी १९८२ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीत पीकेडी फाउंडेशन उभे केले. त्यातून रुग्ण, कुटुंबे आणि संशोधक एका टेबलाभोवती आले. संशोधनात मोजलेच पाहिजेत असे परिणाम कोणते, हे ठरवण्यासाठी अलीकडे रुग्ण आणि डॉक्टर यांची एकत्र मते घेण्यात आली. तेव्हा किडनीचे कार्य, मृत्यू आणि हृदयविकार यांच्या बरोबरीने वेदना यादीत आली. डॉक्टरांच्या मापांत वेदनेला इतके महत्त्व आधी नव्हते. रुग्णांनी ते मिळवून दिले.

आज ही चर्चा तातडीची का, याचे पहिले उत्तर उपचारात आहे. सिस्टमध्ये पाणी भरण्याला व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे पाठबळ असते, या ग्रँथम यांच्यासह अनेकांच्या संशोधनातून पुढे आलेल्या विचारावर टॉलव्हॅप्टन हे औषध उभे राहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १४४५ रुग्णांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत किडनीची वाढ वर्षाला साडेपाचऐवजी तीन टक्क्यांहून कमी झाली. औषध सोपे नाही. प्रचंड तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, यकृतावर लक्ष ठेवावे लागते आणि ते वेगाने बिघडणाऱ्या रुग्णांसाठीच सुचवले जाते. भरपूर पाणी पिऊन तोच परिणाम साधेल ही आशा २०२२ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फळली नाही. याउलट, तरुण रुग्णांचे बीपी नेहमीपेक्षा अधिक खाली ठेवले तर किडनीची वाढ मंदावते, हे २०१४ साली दिसले. २०२५ साली किडनीविकारांवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने या आजारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे लवकर कळण्याचा आता उपयोग आहे. काही दशकांपूर्वी तो जवळजवळ नव्हता.

त्यातूनच या क्षेत्रातला मोठा वाद निघतो. ज्यांना काहीच त्रास नाही अशा मुलाबाळांची तपासणी करावी का? एक बाजू म्हणते, उपाय आहे तर माहिती असलीच पाहिजे. दुसरी म्हणते, अठरा वर्षांखालच्या मुलावर आयुष्यभराचे निदान लादण्याचा अधिकार आईवडिलांना नाही. नोकरी, विमा, लग्न सगळ्यावर त्याची सावली पडते. आपल्याकडे स्थळ बघताना घरातला आजार लपवला जातो, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे. मुलांच्या सोनोग्राफीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण अशा घरातल्या मुलांचे बीपी वर्षाकाठी मोजावे, यावर फारसा वाद नाही. या पुस्तकाचा कल या मधल्या वाटेकडे आहे.

दुसरे उत्तर आपल्या समाजाच्या रचनेत आहे. हजारात एक हा अंदाज २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येला लावला, तर आकडा लाखाच्या वर जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने आणि २०१६ पासूनच्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने शेवटच्या टप्प्यातल्या अनेकांना आधार दिला आहे. पहिल्या टप्प्यातल्या माणसाला शोधण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. प्रत्यारोपणाच्या वेळी हे विशेष बोचते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकांना किडनी देता येते आणि आपल्याकडे बहुतेक किडन्या घरातूनच येतात. या आजारात मात्र भाऊ, बहीण, मुलगा यांतल्या कुणाकडेही तोच वारसा असू शकतो. द्यायला तयार झालेल्या भावाला तपासणीत स्वतःच्या आजाराची पहिली बातमी मिळावी, असे घडते. मग बरेचदा पत्नी पुढे येते, कारण तिच्यात तो वारसा नसतो.

आणि घराण्याची नोंद ठेवण्यात आपण कमी आहोत असेही नाही. मराठी घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. पण या नोंदी मुख्यतः पुरुषांच्या वंशाने चालतात आणि माणूस कशाने गेला हे त्यांत क्वचित असते. लेक लग्न होऊन गेली की तिची शाखा बहुधा संपते. आजार तिथे थांबत नाही. तो लेकीबरोबर सासरी जातो आणि तिच्या मुलांत उतरतो. पुढे तिच्या मुलाला डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला?’ तो वडिलांकडच्या माणसांची नावे आठवतो आणि ‘कुणाला नाही’ म्हणतो. मामा डायलिसिसवर होता, हे त्याच्या लेखी ‘घरात’ मोडत नाही. बाईच्या बाबतीत तर इतिहास माहेरी आणि कागदपत्रे सासरी अशी कायमची फाळणी झालेली असते. एक गोष्ट मात्र इथे नमूद केली पाहिजे: दहा ते पंधरा टक्के रुग्णांत घरचा इतिहास खरोखरच सापडत नाही; काहींत दोष त्यांच्यापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. अशा माणसाला ‘घरात नाही, म्हणजे तुम्हालाही नाही’ असे सांगून परत पाठवणे चूक आहे.

या पुस्तकाने घेतलेले काम यातूनच ठरले आहे. रुग्ण जे शब्द बोलतो त्यांपासून प्रत्येक लक्षणाची सुरुवात केली आहे: कूस भरून येणे, उन्हाळी, पोट फुगणे, रात्री उठावे लागणे. मग ते शरीरात कशाने घडते, दुसऱ्या कोणत्या कारणांनी घडू शकते, कोणत्या प्रसंगी थांबता येते आणि कोणत्या प्रसंगी नाही, असा क्रम ठेवला आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या ठरवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम. जडीबुटी आणि भस्मे यांच्याविषयी उपहासाने लिहिलेले नाही. पण ज्यात धातू आहेत आणि ज्यातले घटक सांगितले जात नाहीत, असे कोणतेही औषध दुबळ्या किडनीला पेलेल असे मानू नये, हे स्पष्ट म्हटले आहे. जनुकांचे प्रकरण वाचायला अवघड वाटले तर सोडून पुढे गेले तरी चालेल. वेदनेचे प्रकरण सोडू नये, विशेषतः रुग्णासोबत राहणाऱ्यांनी. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या माणसावर सगळ्यात आधी घरचेच अविश्वास दाखवतात.

वाचक म्हणून आमच्यासमोर तीन माणसे आहेत. नुकतेच निदान झालेला रुग्ण, ज्याला रात्री मोबाइलवर शोधून सापडलेल्या माहितीने झोप लागत नाही. त्याचे नातेवाईक, ज्यांना स्वतःला काही होत नाही आणि म्हणून काही विचारायचेही नाही. आणि तालुक्याच्या गावातला डॉक्टर, जो एका सकाळी शंभर रुग्ण पाहतो आणि ज्याच्याकडे या आजाराचे पहिले लक्षण येते. विशेषज्ञाकडे ते फार उशिरा पोहोचते.

पुस्तकाच्या शेवटी कुटुंबाचा एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात आईकडच्या आणि वडिलांकडच्या माणसांना सारखी जागा आहे, लेकींच्या मुलांनाही. नावापुढे बीपी कितव्या वर्षी सुरू झाले, मुतखडा, लाल लघवी, डायलिसिस, मेंदूतला रक्तस्राव, मृत्यूचे कारण एवढेच लिहायचे आहे. वाचकाने पुस्तक वाचण्याआधी तो भरायला घेतला तरी हरकत नाही. एखादी मावशी फोनवर सांगेल, एखादा चुलतभाऊ टाळेल, काही रकाने रिकामे राहतील. तरीही डॉक्टरांपुढे हा कागद ठेवला, तर २८ वर्षांच्या मुलाच्या वाढलेल्या बीपीकडे ते वेगळ्या नजरेने पाहतील आणि सोनोग्राफीची चिठ्ठी त्याच दिवशी लिहिली जाईल. या पुस्तकाकडून आमची अपेक्षा तेवढीच आहे आणि ती लहान नाही.